पाय न दिसणारा फोटो

कमरू, माझ्या धाकट्या भावा,

माझा सायकलवरचा फोटो तू पार वरसे गावापर्यंत सगळ्यांना दाखवलास, असं तुझी भाभी फोनवर म्हणाली. मागे पांढरी यॉट, पुढे मी हसतोय. आता तुला कंपनीची शिफ्ट सोडून इकडेच यायचंय.

अरे, यॉटवर चप्पल चालत नाय, लाकडाला चरे पडतात. चढतानाच आमचे बूट टोपलीत टाकायला लावतात. ती टोपली कॅप्टनच्या कपाटात, पासपोर्टांच्या शेजारी. दिवसभर डेक घासायचा. भाजी आणायला सायकल मिळते, तीही अनवाणीच मारायची. परवा डोंगराच्या रस्त्याने रोह्याहून निडी स्टेशन असेल एवढा लांब गेलो. कुणी अडवलं नाय. उन्हात पायडल तापलं, तळवे भाजले, तसा मीच मागे वळलो.

रजा मागितली तर कॅप्टन म्हणाला, "बदलीला घरचा माणूस दे, मग बूट घे."

येऊ नको, एवढंच लिहायला बसलो होतो. पण तुझ्या भाभीचे दिवस भरत आलेत.

आज सायकलवर नवा फोटो काढून घेतला. याही वेळी पाय येऊ दिले नाहीत. पत्र माझ्यापाशीच ठेवून देतो, फोटो तेवढा पाठवतो.

तुझी वाट बघणारा,
मुसाभाई