पट्टीपेक्षा लहान

मी, नंदा उत्तरेश्वर सरवदे, वय एकोणसाठ, अविवाहित, बौद्ध, राहणार कर्वेनगर, पुणे, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र करत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. पोटाबद्दल तसे म्हणता येत नाही. हा आजार मला दिवाळी दाखवणार नाही असे डॉ. सोनाली भागवत यांनी सांगितले आहे, आणि त्या उगाच बोलणाऱ्यांतल्या नाहीत. मजकूर मी सांगते आहे आणि माझ्या भावाची मुलगी पूर्वा तिच्या लॅपटॉपवर टंकते आहे.

१. अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने, थोडक्यात करावेत. भाषणे नकोत. रक्षा खारवाडी बंदरावर न्यावी. स्वारगेटहून एसटीनेच न्यावी, खासगी गाडी करू नये. मी नेहमी त्याच एसटीने गेले आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी मला परत यावे लागले. या खेपेला माझ्या परतीची काळजी कोणी करू नये.

२. आईचा लोखंडी तवा भाऊ महिपती यास द्यावा. आमची आई यमुनाबाई त्यावर सुकट भाजायची. बार्शीला समुद्र आमच्या घरी असा वाळूनच यायचा. ओला समुद्र मी मत्स्य खात्यात नोकरी लागल्यावर पाहिला, आणि मग दुसरे काही पाहावेसे वाटले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही महिपतीनेच करावी.

३. आमच्या सोसायटीचे सचिव श्री. तात्याराव फाटक यांना काहीही देऊ नये. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी दिसली की ते खाली उभे राहून विचारतात, "कसला वास येतोय हो?" मी वरणाला फोडणी देत असले तरीही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही तोच साक्षीदार बरा, असे वकील म्हणाले, म्हणून साक्षीदार त्यांनाच केले आहे. साक्षीदाराने सही पाहायची असते, मजकूर नव्हे, हे त्यांना सांगून ठेवले आहे.

४. आता दर्यासाथ न्यास. हे कलम लांबेल, कारण आयुष्य यातच गेले.

न्यास काढला संजयराव देवस्थळी यांनी. नारायण पेठेतला माणूस, सॉफ्टवेअरच्या कंपनीत चांगला वर आला. पक्का शाकाहारी. समुद्रातली मासळी संपत चालल्याचे एक व्याख्यान त्यांनी कुठेतरी ऐकले आणि त्यांची झोप उडाली. माशाची चव माहीत नसलेला माणूस माशासाठी इतका कळवळतो, हे पाहून मी सरकारी नोकरी सोडली. कार्यालय त्यांच्याच इमारतीत. दारावर पाटी: 'मासळी संवर्धनाची चौकशी येथे करावी. मासळी आत आणू नये.' पंधरा वर्षे मी त्या पाटीखालून जा-ये करते आहे.

काम मात्र खरे झाले. खारवाडीला आम्ही धक्क्यालगत बर्फघर बांधले. त्याचा नियम एकच: दारावर टांगलेल्या लाकडी पट्टीपेक्षा लहान पापलेट किंवा सुरमई आत येणार नाही. लहान मासा जिवंत असेल तर तिथेच समुद्रात सोडून द्यायचा. त्याने अंडी घालायच्या आतच त्याला मारले, तर पुढे जाळ्यात नुसते पाणी येईल. मोठ्या मासळीला बर्फ मिळाला की बायकांना ती व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यावी लागत नाही. सुरुवातीला बायकांनी मला भरपूर शिव्या घातल्या. त्यांची पुढारी सरुबाई, तिने ती पट्टी माझ्या अंगावर फेकली होती. आता तीच पट्टी हातात धरून ती दारात बसते आणि सख्ख्या जावयाची टोपली परत पाठवते.

संजयरावांनी मला आजन्म विश्वस्त केले तेव्हा मी सोसायटीत पेढे वाटले. न्यासपत्रातल्या अटी तेव्हा मला मानाच्या वाटल्या. विश्वस्ताने कायम पुणे शहरातच राहायचे. शहर सोडले की जागा गेली. आपल्यामागे वारस नेमायचा तो रक्ताच्या नात्यातलाच, आणि त्यालाही याच अटी. नेमला नाही, तर जागा देवस्थळी कुटुंबाकडे.

५. संजयराव गेल्यावर त्यांचे चिरंजीव अभय अध्यक्ष झाले. मासळी दळून कोंबड्यांचे खाद्य करणाऱ्या एका कारखान्याला त्यांना बर्फघर धक्क्यासकट विकायचे आहे. दळायला लहान-मोठे सगळे चालते, लहान जरा जास्तच. विक्रीला प्रत्येक विश्वस्ताची सही लागते, आणि माझी त्यांना मिळत नाही.

म्हणून मी इथे आहे. सरुबाईच्या शेजारी दोन खोल्या घेऊन राहायचे माझे ठरले होते. गेले असते तर माझ्या पाठोपाठ सौदा झाला असता. मी रात्री घरी असते ना, अशी चौकशी अभयरावांनी आमच्या वॉचमनकडे करून ठेवली आहे. अहो, असते. जाईन कुठे? माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या टाक्या दिसतात, तेवढेच माझ्या वाट्याचे पाणी. मला समुद्रापाशी मरायचे होते, आणि तेही जमणार नाही, कारण मरेपर्यंत ही जागा अडवून बसायची आहे. मी कोंडले गेले आणि मला त्याचा फार राग आहे. पूर्वा, हे वाक्य गाळू नकोस.

अभयरावांना माझ्याकडून कार्यालयाची किल्ली द्यावी. सोबत चांगले खमंग सुके बोंबील द्यावेत. ते कार्यालयात, त्या पाटीखाली, समक्ष पोचते करावेत.

६. वारस विश्वस्त. रक्ताच्या नात्यात दोघेच. महिपती बार्शी सोडायचा नाही. दुसरी पूर्वा, वय सव्वीस, हिंजवडीला नोकरी, सिंगापूरला बदली मंजूर. सरुबाईचा काल फोन आला होता. "बाय, पोरीचा नाव लिव. तू मरून सुटशील, आमी कुठं जावाचा?"

सबब, माझ्या जागी आजन्म विश्वस्त म्हणून नेमणूक: पूर्वा महिपती सरवदे.

७. येथून पुढे माझ्या हाताने लिहिते आहे. पूर्वा चहा करायला आत गेली आहे.

वरचे नाव मी सांगितलेले नाही. मी म्हणाले होते, "इथे जागा रिकामी सोड." तिने स्वतःच टंकले.

"आत्या, मी ऑफिसमध्ये सांगते ना, ट्रान्सफर नको म्हणून. इट्स ओके, खरंच."

"आजन्म म्हणजे काय, कळतं का तुला?"

"तू केलंसच की."

आणि हसली. पेढे वाटताना मीही अशीच हसले होते.

बर्फघर जाईल. सरुबाई मला शिव्या देईल आणि तिचे काही चुकणार नाही. पट्टी फेकून मारायला या वेळी मी समोर नसेन, एवढेच.

म्हणून राहते घर. ते पूर्वाला द्यायचे मनात होते. आता ते विकावे आणि जे येईल ते सर्व खारवाडीच्या मच्छीमार महिला मंडळाला द्यावे. त्यातून त्यांनी स्वतःच्या जागेवर, लहानसे का होईना, बर्फघर बांधावे. त्यावर न्यास नको, अध्यक्ष नको, आजन्म तर कोणीच नको. दारावर पट्टी तेवढी असावी. ज्या घराला मासळीचा वास चालला नाही ते शेवटी मासळीच्याच कामी आले, हे तात्यारावांना माझ्यामागे कोणीतरी सावकाश सांगावे.

८. माझ्या पिशवीत असते ती, बर्फघराच्या पट्टीच्याच मापाची, सागवानी पट्टी पूर्वाला. तिने ती सिंगापूरला न्यावी. तिथल्या बाजारात काढायची लाज वाटेल. तरी काढावी.

वरील सर्व मी समजून-उमजून लिहिले आहे आणि साक्षीदारांसमोर सही करत आहे.

सही: नंदा उत्तरेश्वर सरवदे

साक्षीदार:
डॉ. सोनाली भागवत (सही)
तात्याराव फाटक (सही)

ठिकाण: पुणे. दुसरे लिहिण्याची मला मुभा नव्हती.
दिनांक: ९ जून २०१३

खाडाखोडीची नोंद: कलम सहामधील 'पूर्वा महिपती सरवदे' हे टंकलेले नाव मी स्वतः पेनाने खोडले असून शेजारी सही केली आहे. त्या जागी दुसरे नाव नाही. कारण: पट्टीपेक्षा लहान. सोडून दिली.