तू वाळीत टाकलेली पेठ

तू गप्प बस आई, आधी माझं ऐक. हो, सांगितलं मी त्यांना. सोळा माणसं होती, डोक्याला टोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या, आणि मी वडगावच्या पेठेमागच्या बोळात उभी राहून सांगितलं की माझी आई कायम याच बोळातून ये-जा करायची, कारण आमच्यासारख्या बायांना पुढच्या रस्त्यानं जायची मुभा नव्हती. एक बाई रडल्या. एकानं हळूच विचारलं, "म्हणजे, जातीमुळे?" मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. नुसतं खाली बघितलं. आपण मराठे, दोन गुंठ्यांचे का होईना, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं असं थोडंच आहे. तू असतीस तर तिथंच पाठीत धपाटा घातला असतास. दहा वर्षं झाली तुला जाऊन, तरी गेल्या रविवारपासून तू माझ्याशी भांडतेयस, भांडी घासताना, गाडीवर, रिसेप्शनला गेस्टच्या आधारकार्डाची झेरॉक्स काढताना. म्हणून लिहून टाकतेय. लिहिताना तरी तुला मधे बोलता येणार नाही.

मी सध्या लोणावळ्यात एका रिसॉर्टवर आहे. सध्या म्हणजे आठ महिने, माझ्या हिशोबानं खूपच झाले. मराठी घेऊन एम.ए. केलं, पुण्यात तीन खोल्या बदलल्या, दोन नोकऱ्या सोडल्या, आणि घाट चढून आलेल्या लोकांना खोलीच्या किल्ल्या देत बसलेय. मधल्या वेळात लिहिते. जे लिहिते ते कुणाला कथा वाटत नाही आणि कविता तर नाहीच. मालक एकदा म्हणाले, "मॅडम, लोकं पॉइंट बघून कंटाळली, चिक्की घेऊन कंटाळली, आता तिसरं काय दाखवायचं?" मी म्हटलं, बाजार दाखवू. जुने. शेतीच्या जिवावर उभे राहिलेले. तेव्हापासून एका रविवारी लोणावळ्याचा जुना बाजार, दुसऱ्या रविवारी तळेगाव, तिसऱ्या रविवारी वडगाव. वडगावात इंग्रज हरले होते हे ऐकून गेस्ट खूश होतात, पण ते कुणीही सांगतं. मी पेठ दाखवते, आणि तीही मागून.

कारण मला पुढून येतच नाही. लाकडी फळ्यांची दुकानं, कोरीव खांब, माडीचे कठडे, हे लोक फोटोत दाखवतात तेव्हा मला ते परक्या गावचं वाटतं. मला सोनाराचं दुकान माहितीये ते मोरीवरून. तिथली माती कुणीतरी पाटीत भरून धुवायला न्यायचं, सोन्याचा कण सापडेल म्हणून. कापडवाल्याच्या मागं चिंध्यांचा ढीग, मिठाईवाल्याच्या मागं काळ्याकुट्ट कढया उपड्या, आणि सगळ्यात शेवटी धान्याच्या शेठचं अंगण, जिथं तुम्ही सहा-सात बाया भिंतीला पाठ लावून तांदूळ पाखडत बसायचात. खडे एकीकडे, कणी एकीकडे. मी शाळा सुटली की तिथंच. दुपारी तुझी भाकरी खाऊन झाली की फडकं झटकून, घडी घालून तुझ्या ओटीत खोचायचं काम माझं. मला ते फार महत्त्वाचं काम वाटायचं.

आणि तळेगाव! मी आठ वर्षांची आहे. घरातली काडीपेटी संपलीय. पेठेत जागोजाग काडीपेटी मिळते, दोन मिनिटांवर. तू माझा हात धरतेस, आपण सहा सीटर रिक्षात कोंबून तळेगावला जातो, काडीपेटी घेतो, परत येतो. मीठ तळेगावचं, सेफ्टी पिना तळेगावच्या, माझ्या दप्तराचा बंद तुटला तर मोची तळेगावचा. मी विचारते, "आई, इथं का नाही घेत?" तू म्हणतेस, "हितं नको." एवढंच. शाळेत पोरी हसायच्या की हिची आई काडीपेटी आणायला परदेशी जाते. मग मी कॉलेजला गेले, पुस्तकं वाचली, आणि पुस्तकांत मला तुझ्या "हितं नको"चं कारण सापडलं. छान, मोठं, दुःखी कारण. मी तुला विचारलं नाही. तू तोवर आजारी होतीस आणि मी घाईत होते.

त्या कारणावर मी एक पुस्तक लिहायला घेतलंय. नुसत्या मागच्या दारांचं, त्यात माणसाचं तोंड कुठेच येत नाही असं. प्रकाशक बाईंना त्यातलं तुझ्यावरचं पान इतकं आवडलं की त्या म्हणाल्या, महिनाअखेर सगळं द्या, छापू. कळतंय का तुला? पहिल्यांदा कुणीतरी छापू म्हटलं. रविवारी मी तेच पान त्या सोळा जणांना पाठ म्हणून दाखवलं.

पण बोळात मावशी होती. तुझ्या शेजारी बसून चाळणी मारायची ती, बौद्धवस्तीतली. आता गुडघे गेलेत तिचे, लेकाच्या दाराशी खुर्ची टाकून वाल सोलत बसते. मला ती दिसली होती. ऐकायला कमी येत असेल असं मी धरून चालले. गेस्ट चहाला पांगले तशी तिनं हाक मारली.

"ए बये, हिकडं ये. काय सांगत हुतीस त्यास्नी?"

"काही नाही मावशी, जुन्या गोष्टी."

"जुन्या म्हंजी कुणाच्या?"

मी हसले. ती हसली नाही.

"तुज्या आईला पुढनं जायाला कोण अडवलं? त्याचं नाव सांग मला. आत्ता जाते काठी घेऊन."

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! अगं, तिला कोण अडवतंय? अडवलं ते माज्या सासूला. पायरीच्या खाली उबी ऱ्हायाची, वरनं पुडी टाकायचे तिच्या पदरात. ती गोष्ट माज्या सासूची हाय. तुला पायजे तर माग, चहा पाज, मी बसून सांगीन. न इचारता उचलायची न्हाई."

मला तिथून पळावंसं वाटलं. ते मला चांगलं जमतं. पण तिनं मला उंबऱ्यावर बसवून वालाची पाटी माझ्या मांडीवर ठेवली, म्हणजे उठायची सोय नाही.

"मग आई मागून का जायची?"

"तिनं पेठ वाळीत टाकलीती."

"पेठेनं तिला?"

"न्हाई गं. तिनं पेठेला. आख्ख्या. येकटीनं."

मग तिनं सांगितलं. बाजाराचा दिवस, संध्याकाळची वेळ, तू काम संपवून शेठच्या दुकानातून पुढच्या रस्त्यावर उतरलीस. मुनीम गादीवरून म्हणाला, ओटी झाड. भर रस्त्यात. "तिला वाटलं, झाडू की, काय हाय आपल्या ओटीत. झाडली. तर फडक्यातनं मूठभर आंबेमोहोर पडला खाली. असा वास सुटला म्हणं, लपवायची सोयच न्हाई. आता त्यो कुटनं आला, तिलाबी म्हाईत न्हाई. माज्यापुढं शपथ खायाला लागली, मी घेतला न्हाई म्हणून. मी म्हणलं, माज्यापुढं कशापाई शपथ खाती?"

"तू नव्हतीस तिथं?"

"मी मागं, चाळणीवर. पुढं असती तर मुनीमाचीच चाळणी केली असती. पर पेठ हुती ना! सोनार हुता, कापडवाला हुता, मिठाईवाला हुता. धा वर्सं बघत हुते तिला. येकानं म्हणायचं हुतं, बाई तशी न्हाई. इषय मिटला असता. सगळे गप. मग तिनं बसून दाणे येचले, मुनीमाच्या गादीवर ठिवले, आन म्हणली, ह्या पेठेत परत माजा पाय पडायचा न्हाई. दुसऱ्या शेठकडं लागली, पर मागच्या दारानं. मरस्तवर."

"पेठेला पत्ता तरी लागला का?"

मावशी तेव्हा हसली. "कापडवाल्याला लागला की! तुज्या मामाच्या लग्नाचा सगळा बस्ता तळेगावातनं आणला तिनं, आन त्याच्या मागच्या दारासमोर गाठोडी उतरवून अर्धा तास बसली. पाय दुखत्यात म्हणली. त्यो बघतोय, ही बघतेय." मग हसू पुसून म्हणाली, "आन तू तिला भित्री केलीस व्हय गं? चार लोकांत? तू तर हुतीस तितं. तिचा पदर धरून."

"मला आठवत नाही," मी म्हटलं, आणि वाल सोलत राहिले.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाहीये. प्रकाशक बाईंना मेसेज टाकला की ते पान खोटं आहे, काढतेय. त्यांचा लगेच उलट मेसेज आला, "अहो, तेच तर सगळ्यात चांगलं पान आहे. थोडं लांबवता आलं तर बघा." मी फोन पालथा घातला. पान अजून काढलेलं नाही. काढलं तर मधे भोक पडतं, आणि खरं घातलं तर ते पुस्तक मागच्या दारांचं राहत नाही, त्यात एक तोंड येतं. माझं.

काल सुट्टी टाकून एकटीच वडगावला गेले आणि पेठेत पुढून शिरले. तू गेल्यावरसुद्धा शिरले नव्हते, कळलं का? सवय म्हण, काहीही म्हण. पाय अडखळत होते, जसं कुणाच्या घरात चपला घालून चाललेय. सोनाराच्या दुकानाला काचेचं दार झालंय. कापडवाल्याच्या माडीचा कठडा खरंच सुंदर आहे गं, वेलबुट्टी आहे त्यावर, मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. मुनीमाची गादी होती तिथं एक पोरगा मोबाईलची कव्हरं विकतो.

"ताई, कुठला मॉडेल?"

"नाही, नुसतं बघतेय."

"तुम्ही त्याच ना, मागून लोकं फिरवता? एकदा पुढून पण आणा की! बोर्डाला लायटिंग केलंय मी, कोण बघतच नाही."

मला त्याच्या दुकानापुढची फरशी दिसत होती. फरशी नवी आहे, आधी शहाबादी होती, तिच्या सांध्यात दाणे अडकले होते आणि तू नखानं काढत होतीस. शेजारच्या किराण्यात मी काडीपेटी मागितली. त्यानं पुढं सरकवली. मी उचलली आणि परत ठेवली. म्हटलं, राहू दे. पाय पडले तुझ्या पेठेत, पण खरेदी केली नाही. एवढं तरी पाळलं.

आता त्या संध्याकाळचं. मावशीला माहीत नाही ते. तू मोरीवर माझा फ्रॉक धुतेयस आणि मी दाराच्या चौकटीला चिकटून उभी आहे. तू खिसा उलटा करतेस. शिवणीत दोन-चार दाणे अडकलेत, पांढरे, बारीक. तू ते तळहातावर घेतेस, नाकाशी नेतेस. मी वाट बघतेय, आता मार बसेल. तू दाणे पदराच्या टोकाला बांधतेस, फ्रॉक पिळून दोरीवर टाकतेस आणि म्हणतेस, "भाजी काय करू?" नंतरच्या बाजाराला तळेगावातून तू माझ्यासाठी एक सूप आणलंस. हातभरही नाही, बुरुडाकडून मुद्दाम करून घेतलेलं, भातुकलीचं. त्यात रेशनचे जाडे तांदूळ घातलेस. म्हणालीस, "ह्यात खेळ. हे आपलं हाय."

ते सूप आता रिसेप्शनच्या टेबलावर असतं, मी त्यात खोल्यांच्या किल्ल्या ठेवते. गेस्टना वाटतं शोभेचं आहे, कुठं मिळालं विचारतात. मी म्हणते, तळेगावला.

सकाळचे साडेसहा झालेत. हे मी गेस्टच्या नोंदणीच्या कोऱ्या फॉर्मवर लिहितेय, चार फॉर्म संपले, मालक ओरडतील. बाहेर ड्रायव्हर गाडी पुसतोय. आज बारा जण आहेत, आणि आज वडगावचाच वार लावून घेतलाय मी, मुद्दाम, लोणावळ्याचा बदलून. पुढून सुरुवात करणार आहे. मोबाईलवाल्या पोराच्या लायटिंगखाली उभी राहून काय बोलणार ते अजून ठरलेलं नाही. मावशीकडे चहाचं सामान घेऊन जायचंय, तेही आज. ते तळेगावातून घेईन.

एकच राहिलं. मला सगळं आठवतं. ते तांदूळ मी घेतले होते, वास आवडला म्हणून, भातुकलीला. खिशातून सांडायला लागले म्हणून तुझ्या फडक्यात बांधले आणि फडकं तुझ्या ओटीत खोचलं, रोजच्यासारखं. तू ओटी झाडलीस तेव्हा मी तुझा पदर धरून उभी होते, सगळे बघत होते, आणि मीसुद्धा काही बोलले नाही. सगळे गप्प बसले म्हणून तू अख्खी पेठ टाकलीस. त्यातल्या एकीला मात्र हाताला धरून रोज मागच्या बोळानं नेत राहिलीस.

हॉर्न वाजतोय. कागद सुपात ठेवतेय, किल्ल्यांखाली. नाही, आत्ता काही बोलू नकोस. मी निघाले.