दुधात ठेवलेले दोन दात

अ‍ॅशबर्न, १४ ऑक्टोबर २०२५

चि. सुलभा,

आशीर्वाद. तुला आई आहे, हे आठवतंय ना? नऊ दिवस फोन उचलत नाहीस म्हणून विचारते. चेहरा विसरली असशील तर माझे पिवळे दात आठव, ओळख पटेल. मी सांगतेय, तुझी वहिनी लिहितेय. रेखा पेन असं दाबतेय की कागद फाटेल.

इथे थंडी पडलीय. गुडघे बरे आहेत.

इथल्या गावच्या सभेत तुझ्या विक्रमनं मला उभं केलं. नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालावं की बंद करावं, यावर वाद होता. मीच त्याला सांगून ठेवलेलं, की आमच्या देशातल्या गावच्या विहिरीतल्या फ्लोराइडनं माझे दात असे झाले, कृष्णाआत्याची कंबर वाकली. तो म्हणाला, "माझ्या तान्ह्या सियाला हेच पाजू का? आजी, तोंड उघड." मी उघडलं. टाळ्या पडल्या. मला बाई मजा वाटली.

मग आपला गिरीश उठला. दातांचा डॉक्टर तो, गप्प बसतोय होय! "आईच्या विहिरीत इथल्या दहापट होतं, जमिनीतूनच आलेलं. इथे चिमूटभर घालतात, पोरांचे दात किडू नयेत म्हणून. विक्रम, आजीला नाचवू नकोस." लोक विक्रमला हसले.

पार्किंगमध्ये विक्रमनं मामाला गाडीवर आपटलं. बुक्क्यांवर बुक्के. पुढचे दोन दात डांबरावर पडले. गिरीश खाली कोसळला, तरी हा लाथा घालतोय. आणि रक्तानं भरल्या तोंडानं गिरीश ओरडतो, "दात दुधात टाका, परत बसवता येतील!" तुझ्या सुनेनं सियाची दुधाची बाटली पुढे केली.

रेखा थांबलीय. लिही गं, खरं तर पुढेच आहे.

आपलं मनगट मामानं मोडलं, असं विक्रमनं पोलिसांना सांगितलंय. आजीनं मारलं म्हणायची लाज वाटली असेल. मला वाचवायला गिरीशही मान खाली घालून हो म्हणतो. त्यापायी त्याचा दवाखाना बंद पडेल, असं वकील म्हणतो.

सुलभा, काठी मी घातली. दुसऱ्या फटक्याला हाड वाजलं, ते ऐकूनही तिसरा घातला. काठी मोडली तेव्हा थांबले. ज्या हाताला धरून त्याला चालायला शिकवलं, तोच हात.

उद्या पोलिसांपुढे हेच सांगून अंगठा उठवणार आहे. आधी तुला कळावं, म्हणून इथे उठवते.

तुझी आई

ता. क. गिरीशचा एकच दात पुन्हा रुजलाय, चावता येत नाही. नाचणीचं सत्त्व पाठव. विक्रमच्याच हाती पाठव, त्याचा दुसरा हात धड आहे.