भागूबाईची खुर्ची

४ मार्च

ती. ताईस,

साष्टांग घालायला गुडघे साथ देत नाहीत, म्हणून उभ्यानेच नमस्कार. वि. वि.

ध्यान कसं चाललंय, असं तू विचारलंस. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बसते. श्वास संथ होतो, खांदे सैल पडतात, आणि नेमकं तेव्हाच मागे कोणीतरी येऊन उभं राहतं. मी भिंतीला टेकून बसते, मागे उभं राहायला जागाच नाही, तरी डोळे उघडून वळून पाहते. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, भीतीकडे नुसतं बघा. ती समोर आली तर बघेन ना.

ती आली कुठून हे तुला सांगायला नको. जेवणाआधी आई आपल्याला डोळे मिटून गप्प बसवायची आणि दादा मागून येऊन ओला गार हात माझ्या मानेवर ठेवायचा. मी किंचाळले की मलाच खोलीबाहेर काढायचे. काही दिवस तर तो हात ठेवायचाच नाही, नुसता उभा राहायचा. ते जास्त वाईट. सगळ्यांनी मिळून नाव ठेवलं भित्री भागूबाई, आणि पन्नाशी उलटली तरी ते सुटलेलं नाही. ताई, मला सूड हवाय. झालं गेलं विसर म्हणणाऱ्यांनी एकदा माझी मान घेऊन बसून बघावं.

बाकी क्षेम. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

भागू

११ मार्च

चि. भागूस,

अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

तुझं पत्र वाचता वाचता चहा निवला. तू ध्यानाला बसतेस की डूख धरून बसतेस? आता ऐक. दादा पुढच्या आठवड्यात कामासाठी तुझ्या गावी येतोय. त्याचा निवृत्तीचा समारंभ आहे, त्यासाठी केस तुझ्याकडूनच कापून घेणार म्हणतो. भागूबाईचा हात थरथरतो का तेही बघतो, असं म्हणाला. मी हसले नाही.

तू दिवसभर माणसांच्या मागे हत्यारं घेऊन उभी असतेस, म्हणून सांगते, राग घरी ठेवून दुकानात जा. त्याच्या कानाला कात्री लागली तर मला तोंड दाखवू नकोस. टक्कल केलंस तर मात्र फोटो पाठव.

गुडघ्यांना शेक घे. माझा लोभ आहे, तो पुरवून वापर.

ताई

२० मार्च

ती. ताईस,

नमस्कार. आज गुडघेही बरे आहेत.

दादा आला. बसता बसता आरशातूनच म्हणाला, भागूबाई, नीट काप. मी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, केस भिजवले आणि खुर्ची फिरवून त्याचं तोंड आरशासमोरच्या कोऱ्या भिंतीकडे केलं. असं आमच्याकडे कधी करत नाहीत. मागचा माणूस काय करतोय ते गिऱ्हाइकाला आरशातच दिसतं, त्या भरवशावर ते मान आपल्या हातात देतं. डोळ्यांत केस जातील, मिटून घे, असं सांगितलं. त्याने मिटले. मग मी मागे नुसती उभी राहिले. कात्री वाजवली नाही, एक शब्द बोलले नाही. हातातल्या ओल्या कंगव्यातून पाणी ठिबकत होतं तेवढंच.

आधी तो हसला. मग खाकरला. काय झालं, असं विचारलं. त्याचे खांदे कानांना लागले, कापडाखाली हातांनी खुर्ची घट्ट धरली. शेवटी बारीक आवाजात त्याने विचारलं, आहेस ना गं. ताई, तो आवाज माझा होता, लहानपणचा. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मग खुर्ची परत फिरवली आणि केस असे कापले की समारंभात लोक न्हाव्याचा पत्ता विचारतील. जाताना भागूबाई म्हणाला नाही. दारापर्यंत माझ्याकडे पाठ न करता गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसले. श्वास संथ झाला आणि ते मागे येऊन उभं राहिलंच. मानेवर काटा आला. पण या वेळी पाणी ठिबकल्याचा आवाज ऐकू आला. मागे जे उभं होतं त्याच्या हातात कंगवा होता. मी वळून पाहिलं नाही. दुकान उघडायची वेळ होईपर्यंत ते उभं राहिलं आणि मी बसून राहिले.

दादाला सांग, महिन्याभरात केस वाढतील, तेव्हा ये. खुर्ची मी आधीच भिंतीकडे करून ठेवते.

तुझा लोभ पुरवून वापरला, थोडा आणखी पाठव.

भागूबाई