मामांच्या कॅरॅव्हॅनमधला हट्टी वास

तीर्थरूप मामींना,

वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? आशीर्वाद बसल्या जागेवरून दिलात तरी आम्हाला पोचेल.

इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त नाकं सोडून. मामांनी मोठ्या मनाने आपली कॅरॅव्हॅन आम्हाला दिली (म्हणायला चाकांवरचं घर, पण आत शिरलं की धुरांडं). तुम्ही म्हणालातच, सिगारेट सोडून इतकी वर्षं झाली तरी या माणसाचा वास काही जात नाही. झालं! तुमच्या भाचेसुनेने फर्मान काढलं, वास गेला नाही तर सहलीला मामा नाहीत. बिचाऱ्या मामांनी सहलीसाठी नवी टोपी घेतली होती, ती घरातच घालून बसायला लागले.

मग मी कंबर कसली. पडदे धुतले, गाद्या उन्हात टाकल्या, पाण्यात व्हिनेगर घालून छतापासून कपाटांपर्यंत सगळं पुसलं (त्यात ब्लीचही ओतणार होतो, पण दुकानदार ओरडला, "अहो, विषारी वायू होतो त्याचा! वास जाईल, पण तुमच्यासकट."). एसीची जाळी बदलली. वाट्यांतून खायचा सोडा ठेवला, त्यातला चमचाभर मीच साखर समजून चहात घातला. शनिवारी आत नुसता साबणाचा वास! ही खूश, मामांनी टोपी झटकली. रविवारी तुम्ही मुद्दाम तपासायला आलात, दार लावून बराच वेळ आत बसलात, आणि सोमवारी वास हजर. पुन्हा बादली, पुन्हा व्हिनेगर, पुन्हा रविवार. तुम्ही म्हणालात, जुना वास मुरलेला असतो. मामांनी पुन्हा मुकाट्याने बोलणी खाल्ली.

काल शेवटी छतावरच्या पंख्याचं झाकण उघडलं आणि वासाचं मूळ सापडलं. मामांवरची बंदी उठली, घरात आनंदीआनंद आहे. तुम्हीही सहलीला यायचंच.

तुमचा भाचा

ता. क. कॅरॅव्हॅनची जादा किल्ली तुमच्याकडे आहे, तेवढी परत पाठवा.

आणखी एक ता. क. झाकणामागे सिगारेटचं अर्धं पाकीट आणि तुमचा हरवलेला चष्मा मिळाला. असला गुडघा घेऊन स्टुलावर चढलात कशा? मामांना दाखवलं तर हसून म्हणाले, "मला केव्हाचं माहीत आहे रे. तिला कळू देऊ नकोस, लाजेल. राहू दे माझ्या नावावर." तेव्हा मामी, मी तुम्हाला काहीही कळवलेलं नाही.