तलाव मागणारी बाई

२ डिसेंबर, सावली
अवकाशयान तयार झालं! धानाच्या मळणीयंत्राला चंदेरी कागद चिकटवला, बस. त्यातून उतरणार गावातली प्रेमिला — परग्रहावरची साहेबीण. आमच्याकडचं पाणी संपलं, तुमचा तलाव ताब्यात घेतो, म्हणणार. आणि लोक घाबरायचं सोडून विचारणार — कोणत्या खात्याच्या? माझी पहिली फिल्म. लिहिताना एकटीच हसत होते.

४ डिसेंबर
प्रेमिलाच्या तोंडून आवाजच निघेना. सीनमध्ये तलावावर जाळं विणत बसलेला म्हातारा म्हणजे तिचा खराखुरा सासरा, मनसारामभाऊ. घरी त्यांच्यासमोर ती पदर ढळू देत नाही. इथे त्यांनाच 'उठा' म्हणायचं! दुसरी बाई शोधावी का?

५ डिसेंबर
मनसारामभाऊंनीच सोडवलं. जाळं बाजूला ठेवून म्हणाले, "बोल ना वं. काऊन भेतेस? इथी मी तुया सासरा नाई."

ती बोलली. मी ओरडायला सांगितलं होतं, ती हळू बोलली. आजाऱ्याला औषध पाजावं तशी — "बाबाजी, तुमच्याच भल्यासाठी आहे. उठा."

बघायला जमलेले लोक हसायचे थांबले. भाऊ उठले! खरं तर त्यांनी हुज्जत घालायची होती. मी 'कट' म्हणायला विसरले.

तेव्हापासून विचार करते आहे. मी साहेबिणीला ओरडायला लावत होते, कारण ओरडणाऱ्याला हसणं सोपं. पण ओरडून कोण काय नेतं? गोड बोलूनच नेतात. पुढचे सीन पुन्हा लिहायला हवेत.

९ डिसेंबर
धुकं. शूटिंग नाही.

२८ डिसेंबर, नागभीड
एडिटिंगला बसले. तलावाचा सीन लागला की बाकीची फिल्म त्याची वाट बघत होती असं वाटतं.

११ जानेवारी
मनसारामभाऊंचा फोन. तलावाची मासेमारी बाहेरच्या माणसाला द्यायचं ग्रामसभेत चाललं होतं. प्रेमिला उठली. आवाज चढवला नाही, नुसतं विचारत राहिली. ठराव बारगळला! मग भाऊ म्हणाले, "सून बोलते चांगली."

२ फेब्रुवारी
प्रेमिलाचा फोन. "ताई, यंदा बाईची सीट आहे. मी सरपंचाले उभी राहून राह्यली. पण तलाव मागणाऱ्या बाईले कोण मत देईन? तो सीन काढता काय?"

दुपारभर त्या सीनसमोर बसून राहिले. मग काढला.