आई, धर!

माल्टा, रविवार

आई, तुझ्या न् आण्णांच्या पायाला इथूनच हात लावते.

मी मजेत हाय. हॉटेलात चादरी धुते, पोटभर जेवते. पण खरी बातमी ऐक, काल मी इथल्या पोरींच्या टीमकडून फुटबॉलची पहिली मॅच खेळले, न् आमी जिंकलो!

हा देश आपल्या पाथर्डी तालुक्याहून बारका. आमची कॅप्टन देशाच्या टीममधून फुटबॉल खेळती, न् पहाटं बेकरीत पाव भाजती. इथं समद्या अशाच, काम सांभाळून खेळत्यात.

बॉल रेघेबाहेर गेला की दोन्ही हातांनी डोक्यावरून आत फेकायचा असतो. उसाची मोळी ट्रॉलीवर तुझ्याकडं फेकायचे, तसाच मी फेकला. तोंडातून आपसूक निघालं, "आई, धर!" बॉल थेट गोलपुढं! कॅप्टननं डोकं लावलं, न् गोल!

"काय ओरडलीस?" तिनं इचारलं. मी सांगितलं. मग मॅच संपेस्तोवर मी बॉल उचलला की समद्या पोरी ओरडायच्या, "आई, धर!"

फडावर थंडी लई हाय का? तुझा खांदा दुखायचा राहिला का गं?

इथं अख्खी टीम तुला हाक मारती. तिथं औंदा खालून मोळी कोन फेकतं?

तुझीच,
ज्ञानेश्वरी